पंचविसावा दिवस

प्लास्टिक सर्जरी या नावातील 'प्लास्टिक' हा शब्द बादल्या-पिशव्यांच्या प्लास्टिकपेक्षा बराच जुना असून त्याचे मूळ ओल्या मातीला आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. तरीही नाकाच्या किंवा ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या कुटुंबातील कोणीतरी वडीलधारे माणूस 'आत प्लास्टिक बसवणार का, आणि ते किती वर्षे टिकेल' असे विचारतेच, आणि या विभागातील परिचारिकांचे, समुपदेशकांचे व ड्रेसिंग करणाऱ्यांचे काम बहुधा या प्रश्नाच्या उत्तरापासूनच सुरू होते. उत्तर असे की सिलिकॉनचे रोपण करावयाच्या शस्त्रक्रियांसारख्या काही शस्त्रक्रिया सोडल्या तर बाहेरचे सहसा काही बसवले जात नाही. रुग्णाचीच कातडी, त्याचीच कूर्चा, त्याचीच चरबी किंवा त्याचेच केस एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी रुजवले जातात, आणि रुजणे ही क्रिया शल्यचिकित्सकाच्या हातात नसून शरीराच्या हातात असते.

या शाखेचे दोन भाग मानले जातात. जन्मजात व्यंग, भाजणे, अपघात किंवा कर्करोग यांनी बिघडलेला अवयव पुन्हा घडवणे म्हणजे पुनर्रचना, आणि जो अवयव वैद्यकीयदृष्ट्या निरोगी आहे त्याला इच्छेप्रमाणे आकार देणे म्हणजे सौंदर्यशल्य. हा फरक विमा कंपन्यांना फार महत्त्वाचा वाटतो. सुजेला तो कळत नाही. हौसेने नाक नीट करून घेणारा तरुण आणि दुभंगलेल्या ओठाचे मूल या दोघांनाही एकाच काळातून जावे लागते. चिरा दिल्यापासून व्रण मऊ होईपर्यंतचा हा काळ साधारण वर्षभराचा असतो, आणि त्यात चेहरा जुना राहिलेला नसतो व कबूल केलेला नवाही झालेला नसतो. या कामातील अनुभव म्हणजे मुख्यतः या मधल्या चेहऱ्याचा अनुभव होय, आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण असमाधानी का राहतो याचे कारण पुष्कळदा, त्या मधल्या चेहऱ्याबद्दल त्याला आधी कोणी सांगितलेच नव्हते, एवढेच असते.

वाराणसीसमोर गंगेच्या पूर्व तीरावर वसलेले रामनगर हे या अनुभवाकडे पाहण्यासाठी वाटते तितके आडबाजूचे ठिकाण नाही. काशीत मरण आले तर मुक्ती आणि या काठावर आले तर गाढवाचा जन्म, ही समजूत येथे थट्टेने का होईना अजून बोलली जाते, त्यामुळे मोठी रुग्णालये पलीकडच्या काठावर असणे काही वृद्धांना सोयीचेच वाटत असावे. चुनार, अहरौरा, चकिया या बाजूंनी वाराणसीला येणारा रुग्ण बहुधा रामनगरवरून गंगा ओलांडतो आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयाकडे किंवा शहरातील इतर दवाखान्यांकडे जातो. सामने घाटाचा पक्का पूल २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी कोरड्या ऋतूत तरंगत्या पिंपांवरचा पीपा पूल असे आणि पावसाळ्यात तो काढला जाई, म्हणजे होडी किंवा दुसऱ्या पुलावरून लांबचा फेरा एवढेच मार्ग उरत. टाके काढण्याचा दिवस वैद्यकशास्त्राने ठरवायचा आणि तो पाळता येईल की नाही हे नदीने ठरवायचे, अशी ती परिस्थिती होती.

या गावाची कीर्ती आहे ती रामलीलेसाठी. सुमारे एक महिना चालणारी ही लीला एका रंगमंचावर होत नाही. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका अशा ठरलेल्या जागा गावभर पसरलेल्या आहेत आणि प्रेक्षक प्रसंगामागून प्रसंग एका जागेहून दुसऱ्या जागी चालत जातात. त्यातील पंचवटीच्या जागी शूर्पणखेचे नाक कापले जाते. मराठी माणसाला या प्रसंगाचे वेगळे अप्रूप वाटावे, कारण गोदावरीकाठच्या पंचवटीत हेच घडले आणि त्या नासिकेवरूनच नाशिक हे नाव पडले, असे आपल्याकडे परंपरेने सांगितले जाते. वाराणसी शहरात चेतगंजची नक्कटैया ही या एका प्रसंगाभोवती उभी राहिलेली रात्रीची मोठी जत्रा आहे. 'नाक कापले जाणे' म्हणजे अब्रू जाणे हा वाक्प्रचार हिंदीत आणि मराठीत सारखाच आहे, पण तो नुसता वाक्प्रचार नव्हता. चोरी, व्यभिचार, फितुरी किंवा युद्धातील पराभव यांबद्दल नाक खरोखरच कापले जाई, आणि अशी शिक्षा होती म्हणूनच नाक पुन्हा घडवण्याची विद्या या देशात वाढली.

त्या विद्येचा सर्वांत जुना सविस्तर लेख सुश्रुतसंहितेत आहे, आणि सुश्रुत हा काशीराज दिवोदास धन्वंतरीचा शिष्य असल्याचे ती संहिताच सांगते. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाची कातडी गालावरून एका बाजूने जोडलेली ठेवून सोडवावी, नाकाची जागा खरडून ताजी करावी आणि तिथे ती जोडावी, असे तिचे वर्णन आहे. पण या विषयात काम करणाऱ्याचे लक्ष त्याच्या पुढच्या भागाकडे जाते. नाकपुड्या मिटू नयेत म्हणून दोन नळ्या घालाव्यात. पतंग, ज्येष्ठमध आणि रसांजन या औषधींचे चूर्ण भुरभुरावे. वर पांढरा कापूस ठेवून त्यावर तिळाचे तेल पुन्हा पुन्हा शिंपडावे. रुग्णाला तूप पाजावे आणि ते पचल्यावर रेचक द्यावे. भरून आल्यावर नाक कमी पडले तर वाढवावे आणि मांस जास्त वाढले तर सारखे करून घ्यावे. कापण्याच्या कृतीइतकीच जागा नंतरच्या दिवसांना दिलेली आहे, आणि पहिल्या खेपेला काम पुरे होईलच असे नाही, ही कबुलीही तिथे आहे. आजचा शल्यचिकित्सक या दुसऱ्या खेपेला 'रिव्हिजन' म्हणतो आणि तिची शक्यता संमतीपत्रात बारीक अक्षरांत लिहितो.

दुसरा लेख पुण्याचा आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत छापली गेली. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर असताना पकडला गेला, त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला, आणि सुमारे वर्षभर नाकाशिवाय काढल्यावर पुण्याजवळच्या एका माणसाकडून त्याने नवे नाक घडवून घेतले. नाव पारशी वळणाचे असूनही मजकूर त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. हा घोळ लिहिणाऱ्याचा की छापणाऱ्याचा, कोण जाणे. शस्त्रक्रिया करणारा वीट भाजणाऱ्यांच्या जातीचा, म्हणजे बहुधा कुंभार होता, आणि 'प्लास्टिक' या शब्दाच्या मुळाशी ओली माती आहे हे आठवले की हा योगायोग मोठा सुखद वाटतो. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा वेल्स तो हाच. पेशव्यांच्या दरबारातील चेहरे आणि एका गाडीवानाचे जोडलेले नाक, दोन्ही एकाच हाताने टिपली गेली.

या हकीकतीत दिवसांचा हिशेब नेमका आहे. मेणाची पातळ चकती नाकाच्या आकाराची करून ती कपाळावर सपाट ठेवली, तिच्याभोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांमधला एक पट्टा न कापता ठेवून ती अर्धी पिळून खाली आणली. टाके घातले नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही, मग तुपात भिजवलेली कापडे लावली. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवले, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घातले, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला तो पट्टा कापला. या पट्ट्याला आता शास्त्रात देठ म्हणतात आणि देठासह हलवलेल्या कातडीला फ्लॅप. नव्या जागेच्या रक्तवाहिन्या कातडीत शिरेपर्यंत देठातून येणाऱ्या रक्तावर ती जगते. जोसेफ कार्प्यू याने ही हकीकत वाचून १८१४ मध्ये लंडनमध्ये ही पद्धत वापरली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि तिथून ती युरोपभर 'भारतीय पद्धत' म्हणून पसरली. कपाळावरून नाक आजही याच रीतीने घडवले जाते आणि देठ आजही साधारण तीन आठवड्यांनी कापला जातो. भूल आली, प्रतिजैविके आली, दोरे केसापेक्षा बारीक झाले. पंचविसाव्या दिवसातून जेमतेम चार दिवस कमी करता आले.

हे तीन आठवडे रुग्णाने कसे काढायचे, हे मात्र पुस्तकात नसते. कपाळावरून नाकापर्यंत आलेला मांसल पट्टा सोंडेसारखा दिसतो, त्यामुळे चष्मा बसत नाही, शर्ट डोक्यातून घालता येत नाही, आणि घरातील लहान मुले जवळ येत नाहीत. वॉर्डातील अनुभवी परिचारिका म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, याच टप्प्यातून पुढे गेलेल्या एखाद्या रुग्णाशी नव्या रुग्णाची गाठ घालून देतात, कारण छायाचित्र दाखवून जो धीर येत नाही तो समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाकडे पाहून येतो. पहिल्या दोन रात्री तर पूर्णपणे परिचारिकेच्याच असतात. बॅटरीच्या उजेडात दर तासाला फ्लॅपवर बोट दाबायचे, दाबलेली जागा पांढरी होऊन किती वेळात पुन्हा भरते ते पाहायचे. दोनेक सेकंदांत भरली तर ठीक, फार उशीर लागला किंवा रंगच उडाला तर रक्त पोहोचत नाही, आणि चटकन भरून जांभळी दिसू लागली तर आलेले रक्त परत जात नाही, असा त्याचा अर्थ. सावळ्या कातडीवर हा रंग वाचणे अवघड असते आणि ते डोळ्यांना सवयीनेच येते; पुस्तकांतील चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची असल्यामुळे नवख्यांची येथे फसगत होते.

शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल सांगायचे ते त्यामानाने थोडे आहे. पूर्ण भूल द्यायची असेल तर घन अन्न किमान सहा तास आणि पाणी दोन तास बंद ठेवावे लागते, कारण भुलेत पोटातील अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते. पण रडणाऱ्या मुलाला आजी पदराआड दूध पाजते आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर जाते, हा प्रसंग काशीत आणि कोल्हापुरात सारखाच घडतो. स्थानिक भूल, म्हणजे फक्त तेवढाच भाग बधिर करणे, यात सुई टोचताना आग होते, त्यानंतर वेदना होत नाही, पण दाब, ओढ आणि आवाज कळतात. नाकाचे हाड घासण्याची करकर स्वतःच्या कवटीत ऐकू येणे हा अनुभव आधी सांगितला नसेल तर रुग्ण दचकतो. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून त्या औषधात अॅड्रिनॅलिन मिसळलेले असते, त्यामुळे छातीत धडधडते, आणि ती धडधड भीतीची आहे असे समजून रुग्ण आणखी घाबरतो. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर नाकात बोळे असतील तर जाग येताच श्वास कोंडल्यासारखा वाटतो. तोंडाने श्वास घेण्याचा सराव आदल्या दिवशी करून घेतलेला रुग्ण आणि न घेतलेला रुग्ण यांच्यातील फरक जाग येण्याच्या खोलीत स्पष्ट दिसतो.

त्यानंतर आरसा येतो. सूज पहिल्या दिवशी नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, डोळ्यांभोवतीचे काळेनिळेपण खाली गालावर उतरते आणि पिवळे होत होत साधारण दोन आठवड्यांत जाते. म्हणजे रुग्ण घरी जातो तेव्हा तो शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षा वाईट दिसत असतो, आणि नेमके तेव्हाच नातेवाईक भेटायला येतात. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलिज यांनी इंग्लंडमधील सिडकप येथे चेहऱ्याला जखमा झालेल्या सैनिकांसाठी रुग्णालय चालवले, तेथील वॉर्डात आरसे ठेवू दिले जात नसत आणि गावातील काही बाके निळी रंगवलेली होती, जेणेकरून त्यावर बसलेल्या माणसाकडे पाहून लोक दचकू नयेत. आता आरसा लपवून भागत नाही, कारण तो प्रत्येकाच्या मोबाईलमध्येच आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण विनाकारण रडतो, 'उगाच केले' म्हणतो, जेवत नाही. भूल, वेदनाशामके, जागरण आणि तो सुजलेला चेहरा यांचा हा एकत्रित परिणाम असून बहुतेकांत तो काही दिवसांत ओसरतो, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेले असेल तर घरात भांडण होत नाही.

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया ही या भागातील सर्वांत परिचित शस्त्रक्रिया होय. वाराणसीचे डॉ. सुबोध कुमार सिंह यांनी शेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यातील एका लहान मुलीवर केलेल्या शस्त्रक्रियेवरचा 'स्माइल पिंकी' हा मेगन मायलन यांचा लघुमाहितीपट २००९ मध्ये ऑस्कर विजेता ठरला, आणि 'होठकटी' म्हणून हिणवली जाणारी मुले गावागावांतून बाहेर येऊ लागली. गरोदर बाईने ग्रहणात विळी-सुरी हातात घेतली म्हणून ओठ कापला गेला ही समजूत येथे आहे तशी महाराष्ट्रातही आहे, आणि तिचा भार नेहमी आईवरच पडतो. भ्रूणाचा चेहरा जुळण्याचे काम गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच, कित्येकदा दिवस गेल्याचे नीट कळण्याआधी, पुरे व्हायचे असते आणि ते का राहून गेले याचे एकच कारण सांगता येत नाही, हे सांगितल्यावर सासूचा नाही तरी आईचा चेहरा थोडा सैलावतो. ओठ जोडण्यासाठी वय दहा आठवडे, वजन सुमारे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा, असा जुना ठोकताळा वापरतात. टाळू त्यानंतर, बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवतात, कारण बोलणे सुटण्याआधी ती जुळलेली बरी.

पण खरी अडचण येते दुसऱ्या महिन्यात. पाच-सात दिवसांनी टाके निघतात तेव्हा ओठ देखणा दिसतो आणि घरातील सर्व आनंदात असतात. मग व्रण लाल होतो, कडक होतो, आखडतो आणि ओठाला वर ओढू लागतो. व्रणात नवे तंतू भराभर तयार होण्याचा हा काळ असून पुढच्या महिन्यांत ते सैल आणि सरळ होतात व वर्षभरात ओठ पुन्हा खाली येतो, परंतु हे माहीत नसलेले आईवडील शस्त्रक्रिया बिघडली असे समजून दुसऱ्याच डॉक्टरकडे जातात किंवा कोणाकडेच जात नाहीत. व्रणावर दिवसातून दोन-तीनदा बोटाने मालिश करावयाचे असते आणि उन्हापासून तो जपावयाचा असतो. आणखी एक गोष्ट आहे, जी आया हळू आवाजात सांगतात: बाळाचे जुने रुंद हसू नाहीसे झाले आणि थोडे दिवस आपले मूल परके वाटले. यात अपराध काही नाही, पण ती बोलून दाखवायला त्यांना कोणीतरी लागते.

सौंदर्यशल्याच्या बाजूला हीच गोष्ट वेगळ्या वेषात दिसते. केसांच्या रोपणानंतर लावलेले केस दुसऱ्या आठवड्यापासून गळू लागतात आणि नवे तीन-चार महिन्यांनी फुटतात. मधल्या काळात पैसे बुडाले असे वाटण्याजोगाच देखावा असतो. चरबी शोषून काढल्यावर पहिले एक-दोन दिवस छिद्रांतून गुलाबी पाणी गळते, ते आत सोडलेले सलाइनच असते, आणि वजनकाटा सुरुवातीला कमी होण्याऐवजी चढतो. घट्ट पट्ट्याचा पोशाख चार-सहा आठवडे, वाराणसीच्या उन्हाळ्यातसुद्धा, अंगावर ठेवावा लागतो. नाकाच्या शेंड्याची सूज तर वर्षभर रेंगाळते. असे असताना लग्नसराईच्या तोंडावर, पंधरा दिवसांवर लग्नतिथी धरून आलेल्यांची गर्दी होते, आणि त्यांना सहा महिने आधी या असे सांगणारा दवाखाना गिऱ्हाईक गमावतो. हे गमावणे ज्याला परवडत नाही त्याच्यापासून जपून राहणे बरे. त्याचप्रमाणे, ज्याला स्वतःच्या चेहऱ्यातील इतरांना न दिसणारा दोष दिवसभर दिसत राहतो, त्याला कोणतीही शस्त्रक्रिया पुरी पडत नाही. हा मनाचा आजार आहे आणि त्याला सुरीची नव्हे तर मानसोपचारांची गरज असते.

घरी काय बघायचे हे मात्र लिहूनच द्यावे लागते, आणि शक्य तर घरातील शाळकरी मुलाच्या हाती. सूज दोन्ही बाजूंना सारखी असेल तर तिला घाबरायचे नाही. एकाच बाजूला झपाट्याने वाढत असेल, ताणून दुखत असेल, तर आत रक्त साठत आहे आणि रात्र असली तरी निघायचे. ताप, पू, काळी पडणारी कातडी, पोटरीत दुखणे, धाप लागणे, यांतील काहीही झाले तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. तंबाखू महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर बंद. येथे खैनी, गुटखा आणि पान यांनाही तंबाखूच मानायचे, हे वेगळे सांगावे लागते, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि फ्लॅप मरतो. कावसजीच्या नाकावर लावलेला कात पानात असतो, हा युक्तिवादही एखादा बनारसी करू शकेल.

प्रत्येक रुग्णाची छायाचित्रे काढतात: शस्त्रक्रियेपूर्वी, टाके काढताना, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने. जुने छायाचित्र पुढे ठेवल्याशिवाय आपण कसे दिसत होतो हे रुग्णाला आठवत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे. मात्र फायलीतील शेवटच्या जागा बहुधा रिकाम्या राहतात, कारण ज्याचे चांगले झाले तो चकियाहून किंवा अहरौऱ्याहून एक दिवसाची मजुरी बुडवून केवळ फोटोसाठी येत नाही. त्यामुळे वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेल्या परिचारिकेच्या डोळ्यांपुढे हजारो चेहरे असतात, ते सगळे सुजलेले, टाके घातलेले, मधलेच. एखादे वर्षी कोणी बाई गावातील दुसऱ्याच कोणाचे तान्हे मूल घेऊन ओठासाठी येते, नाव लिहिण्याच्या टेबलापाशी वॉर्डाचा रस्ता न विचारता सरळ आत शिरते, आणि परिचारिकेला ती ओळखू येत नाही; नाकाखालची बारीक पांढरी रेघ दिसेपर्यंत.